घरबसल्या सिम्फनी कशी रेकॉर्ड करावी?

गणपतीआधी नदीकाठी ढोल-ताशांचा सराव सुरू झाला की पुण्यात घरी माईक लावून काही रेकॉर्ड करणं कठीण. डिजिटल ऑर्केस्ट्राला माईक लागतच नाही. खऱ्या वादकांचे सुटे सूर आधीच मुद्रित असतात, आपण ते संगणकावर वाजवायचे. लॅपटॉप, मॉड व्हील (बोटाने फिरवायचं चाक) असलेला, संगणकाला जोडायचा छोटा मिडी कीबोर्ड आणि हेडफोन पुरेत. केबल तपकीर गल्लीत मिळतील. स्पिटफायर ऑडिओ कंपनीचा ‘बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रा डिस्कव्हर’ हा अशा सुरांचा संग्रह मोफत आहे, रेकॉर्डिंगसाठी रीपर हे सॉफ्टवेअर ६० दिवस वापरून पाहता येतं.

सुरुवात मोझार्टच्या १७८८ सालच्या चाळिसाव्या सिम्फनीने करा. तिच्यात ट्रम्पेट आणि टिंपनी (मोठे नगारे) नाहीत, म्हणून ट्रॅक (प्रत्येक वाद्याच्या वेगळ्या नोंदी) आटोक्यात राहतात. शिवाय पहिली धून हिंदी चित्रपटसंगीतामुळे आपल्या कानात असते. स्कोअर (सगळ्या वाद्यांची स्वरलिपी) आयएमएसएलपी या संकेतस्थळावर आहे. जुनीच आवृत्ती घ्या, नव्या संपादित आवृत्तीवर हक्क असू शकतात. हॉर्नची ओळ लिहिल्याप्रमाणे वाजवू नका. जी हॉर्नचा सूर लिहिल्यापेक्षा शुद्ध चौथ्या अंतराने, म्हणजे पाच अर्धस्वर, खाली ऐकू येतो.

आता खरं काम. पहिली वीसेक मापंच (बार) घ्या आणि एकेक वाद्य हाताने वाजवा. माऊसने स्वर टिपून केलेलं रेकॉर्डिंग मला निर्जीव वाटतं. आधी व्हायोलाची (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुराचं वाद्य) कुजबुज, मग तिच्यावर एका सप्तकाच्या अंतराने दोन्ही व्हायोलिन. प्रत्येक ओळ आधी गुणगुणा. श्वास जिथे घ्यावासा वाटेल, तिथे सूर किंचित लवकर सोडा. लांब सुरांचा जोर कळ किती जोरात दाबली यावर नसतो, मॉड व्हीलवर असतो. म्हणून उजव्या हाताने स्वर, डाव्याने व्हील: ओळ चढताना वर, उतरताना खाली. आखूड सुरांसाठी वेगळा आवाज निवडा, नाहीतर सगळं चिकट होतं. तालाची दुरुस्ती करायचीच तर अर्धवट करा; सगळी व्हायोलिन एकाच क्षणी सुरू झाली की माणसं नाहीशी होतात. तंतुवाद्यांचे संथ सूर उशिरा उमटतात, तो ट्रॅक थोडा आधी सुरू होईल असा सरकवा.

या संग्रहातली वाद्यं आपापल्या जागी बसवूनच मुद्रित केलेली आहेत, त्यामुळे डावं-उजवं पुन्हा फिरवू नका. रिव्हर्ब (सभागृहासारखी गुंज) सगळ्यांना एकच, तोही बेताने. किती, हे कानाला कळावं म्हणून मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया एकदा प्रत्यक्ष ऐका.

शेवटी २४ बिट, ४८ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल काढा. शेवटच्या सुरानंतर चार-पाच सेकंद मोकळे ठेवा, म्हणजे गुंजन मध्येच तुटणार नाही.