स्वस्त स्पीकर निवडायचे तर आधी पडदा लावा

चांगला स्पीकर म्हणजे काय, यावर वाद घालण्यासारखं आता फारसं उरलेलं नाही. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी १९८०च्या दशकात लोकांना स्पीकर न दाखवता ऐकवले आणि त्यांची पसंती मोजमापांशी ताडून पाहिली. समोरून सपाट (म्हणजे सगळे सूर सारख्याच जोराने) आणि बाजूला हळूहळू, खड्डे न पडता उतरत जाणारा आवाज बहुतेकांना आवडतो, असं निघालं. असा स्पीकर बनवायला पैशापेक्षा डोकं जास्त लागतं. स्पीकर अभियंता अँड्र्यू जोन्स यांनी टॅड कंपनीचा रेफरन्स वन बनवला, ज्याची जोडी ५०,००० डॉलरच्या पुढे जायची. पायोनियरचा एसपी-बीएस२२ हा छोटा स्पीकरही त्यांचाच, आणि ती जोडी १५० डॉलरच्या आत मिळायची.

मग महागड्या स्पीकरमध्ये लाखो रुपये कशाचे? खोलवर जाणाऱ्या बासचे, न फाटता मोठ्याने वाजण्याचे आणि पेटीच्या लाकूडकामाचे. दहा बाय बाराच्या खोलीत, शेजारी भिंतीपलीकडे राहत असताना, यातलं फार थोडं कामाला येतं.

यादी

खोक्यावरचे वॅट वाचू नका. ‘पीएमपीओ ५००० वॅट’ हा आकडा निव्वळ विक्रीसाठी छापलेला असतो. आरएमएस वॅट खरे असले तरी स्पीकर किती ताकद झेलेल एवढंच सांगतात, कसा वाजेल ते नाही.

त्याऐवजी ग्राफ शोधा. सीटीए-२०३४ नावाची मोजमापाची प्रमाण पद्धत आहे, बोलताना तिला ‘स्पिनोरामा’ म्हणतात. त्यात स्पीकर चहूबाजूंनी मोजलेला असतो. समोरची रेघ १०० हर्ट्झपासून १० किलोहर्ट्झपर्यंत अधिकउणे तीन डेसिबलच्या पट्ट्यात राहते का आणि बाजूच्या रेघा तिच्याच वळणाने उतरतात का, एवढं पाहा. माहितीपत्रकातली इस्त्री केलेली रेघ सोडून द्या.

हायफायवाले सहसा स्टुडिओ मॉनिटरकडे, म्हणजे रेकॉर्डिंगवाल्यांच्या स्पीकरकडे, फिरकत नाहीत, म्हणून तिथे आवर्जून जा. जेबीएलचा ३०५पी घ्या. त्याच्या ट्वीटरभोवतीच्या (वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या भागाभोवतीच्या) शिंगाची रचना कंपनीच्या एम२ या बड्या मॉनिटरवरून उतरलेली आहे आणि अँप आतच असल्याने त्याचा वेगळा खर्च नाही. कान जवळ नेला तर बारीक सूं ऐकू येतं. टेबलावर हातभर अंतरावर ठेवणार असाल तर हे आधी तपासा, खोलीच्या पलीकडे बसणार असाल तर विसरा.

जुने घेत असाल तर शंकूभोवतीची कड बोटाने हलकेच दाबून बघा. फोमची कड मुंबई-कोकणच्या दमट हवेत भुगा होते, रबराची टिकते.

दोन-तीन नावं झाली की थांबा.

तुलना

इथेच बहुतेक लोक फसतात, आणि माझाही सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला आहे. ‘दुकानात जा, आवडीचं गाणं लावा, कानाला पटेल ते घ्या’ हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो आणि पूर्णपणे निरुपयोगी आहे. कानाला पटतो तो बहुतेक वेळा जास्त मोठ्याने वाजणारा स्पीकर. एका डेसिबलचा फरक ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, ‘मोकळा’, ‘स्वच्छ’, ‘जिवंत’ म्हणून जाणवतो. अँपचं बटण तसंच ठेवून ८४ डेसिबल संवेदनशीलतेचा (तेवढ्याच ताकदीत किती मोठ्याने वाजतो, त्याचं माप) स्पीकर काढला आणि ९०चा लावला, तर सहा डेसिबल फुकट वाढले. मग कुठला आवडणार हे गाणं सुरू व्हायच्या आधीच ठरलेलं असतं.

दुसरा सापळा डोळ्यांचा. शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये स्पीकर बनवणाऱ्या हरमन कंपनीच्याच ४० कर्मचाऱ्यांना चार स्पीकर ऐकवले, एकदा झाकून आणि एकदा उघडे. उघड्यावर मोठ्या, महाग स्पीकरांचे गुण वाढले आणि छोट्या, स्वस्त संचाचे घटले. ही सगळी याच धंद्यातली माणसं होती. तेव्हा ‘मला किंमतीने काही फरक पडत नाही’ असं कुणी म्हणालं की मी विषय बदलतो.

म्हणून तुलना घरीच करा. परत करायची मुभा असेल तिथून घ्या किंवा मित्राकडून आणा. दोन्ही जोड्यांतला फक्त एकेक स्पीकर शेजारी शेजारी ठेवा आणि मोनोमध्ये ऐका. स्टिरिओच्या पसाऱ्यात दोष लपतात, एकट्या स्पीकरचे उघडे पडतात. समोर पातळ ओढणी टांगा. तोंडावर धरून सहज श्वास घेता आला पाहिजे, जाड कापड वरचे सूर खाऊन टाकतं.

आता आवाज समान करा. हे टाळायचं असेल तर बाकी काहीच करू नका. फोनवर साउंड मीटरचं ॲप चालेल, कारण आपल्याला खरा आकडा नको, दोघांतला फरक हवा. फोन कानाच्या जागी स्टँडवर ठेवा, हातात धरू नका. पिंक नॉइज (मोजणीसाठी वापरतात तो सगळ्या सुरांचा सलग खळखळाट) लावा, पण ५०० ते २००० हर्ट्झपुरता गाळलेला. पूर्ण पट्ट्याचा लावलात तर ज्याचा बास फुगलेला तो मीटरवर मोठा दिसेल आणि तुम्ही नेमका त्यालाच दाबाल. अर्ध्या डेसिबलच्या आत आणा.

बदल दुसऱ्या कुणीतरी करायचे, तुम्हाला न सांगता. तुकडा वीस-तीस सेकंदांचाच. कानाची स्मरणशक्ती आखूड असते, अख्खं गाणं ऐकून मग दुसऱ्याकडे वळलात तर तुलना संपली. गुण कागदावर लिहा, मोठ्याने बोलू नका. मग स्पीकरांच्या जागा अदलाबदल करून पुन्हा सगळं करा, कारण हातभर सरकलं की खोली बास बदलते.

काय वाजवायचं? आधी घरातल्या माणसाचं बोलणं, फोनवर रेकॉर्ड केलेलं. आईचा आवाज नाकातून येतोय की पिंपातून, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मग नुसता तानपुरा: ट्वीटरमध्ये टोचणारं काही असेल तर जवारी चरचरते. शेवटी तबल्याचा बायाँ. घुमारा प्रत्येक ठोक्याला एकाच सुरात येत असेल तर तो बायाँ नाही, स्पीकरची पेटी बोलते आहे. ढाणढाण वाजणारी चित्रपटगीतं या कामाला बाद.

जागा

ट्वीटर कानाच्या उंचीवर. शोकेसच्या कप्प्यात कोंबू नका.

दहा फुटी भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झला आणि बारा फुटी भिंतींमध्ये ४७ला लाट अडकते, स्पीकर कुठलाही असो. खोलीच्या बरोबर मध्यावर बसलात तर तो सूर गायब, मागच्या भिंतीला टेकलात तर दुप्पट. खुर्ची फूट-दीड फूट पुढेमागे करा, हा सगळ्यात स्वस्त उपाय. उरलेला उंचवटा रूम ईक्यू विझार्ड या मोफत प्रोग्रामने मोजून ईक्वलायझरने उतरवा. मोजमापासाठीचा, पारखून घेतलेला मायक्रोफोन मात्र विकत घ्यावा लागेल. खड्डे भरायला जाऊ नका, तिथे ओतलेली ताकद खोली गिळते आणि वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा शंकू) धापा टाकतो. हे झाल्यावरही खालचे सूर कमी वाटले, तरच सबवूफरचा विचार करा.