टेम्परेचरचा काटा हलत नाही? डॅशबोर्ड खोलायच्या आधी हे बघा

आयटीआय करून गॅरेजला लागलो आणि पहिल्याच महिन्यात एक जुनी कार्बुरेटरवाली गाडी आली, टेम्परेचरचा काटा C (म्हणजे गार) वरच चिकटलेला. मी लगेच मीटर खोलायला बसलो तर उस्ताद म्हणाले, "थांब रे, आधी इंजिन गरम होतंय का ते तर बघ!"

नवीन पोरांनो, ही सवय पहिली लावून घ्या. कारण थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडचा रस्ता बंद ठेवणारा व्हॉल्व्ह) उघडाच अडकला असेल तर हायवेला काटा खरोखरच खाली राहतो, त्यात मीटरचा काही दोष नसतो. आणि कुलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) कमी असून टेम्परेचर सेन्सरपाशी हवा अडकली असेल तर उलटं, इंजिन तापतंय आणि काटा गार दाखवतोय, हे सगळ्यात वाईट, हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) जातं. म्हणून कुलंट बघायचंच, पण इंजिन गार असताना, गरम रेडिएटरचं झाकण उघडलं की उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

आमच्या गाडीत कुलंट बरोबर होतं. मग उस्तादांनी सेन्सरची वायर काढली, चावी ऑन, आणि वायर क्षणभर इंजिनच्या लोखंडाला टेकवली. काटा लगेच वर निघाला! म्हणजे मीटर आणि वायरिंग ओके. या सेन्सरचा रेझिस्टन्स (करंटला होणारा विरोध) गरम झाल्यावर कमी होतो, त्यामुळे वायर अर्थ केली, म्हणजे लोखंडाला टेकवली, की मीटरला वाटतं इंजिन तापलंय. काटा हललाच नसता तर मग फ्यूज, वायर, मीटर बघायचं, आणि पेट्रोलचा काटाही सोबत वेडावाकडा चालत असेल तर दोघांना सप्लाय देणारा स्टॅबिलायझर. (ही टेस्ट एका वायरच्या जुन्या सेन्सरलाच हां, ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) दोन वायरवाल्याला अजिबात करू नका.)

मी म्हटलं चला सेन्सर बदलू. पण उस्तादांनी तो काढून गरम पाण्यात धरायला लावला, मल्टीमीटरची एक पिन टोकाला, दुसरी बॉडीला, रेझिस्टन्सचा आकडा मस्त उतरत गेला. सेन्सरही चांगला! मग राहिलं काय? सेन्सरच्या आट्यांवर कुणीतरी लीकेज थांबवायला जाडच्या जाड टेफ्लॉन टेप गुंडाळली होती, आणि एका वायरच्या सेन्सरला अर्थ मिळतो तो या आट्यांमधूनच. टेप खरवडली, आटे साफ केले, नवीन वायसर टाकून बसवला आणि आठ-दहा मिनिटांत काटा मधोमध.