फोटो एडिटिंगसाठी लॅपटॉप घेताय? आधी स्क्रीन बघा
सगळे ग्राफिक्स कार्डच विचारतात, पण नुसते रॉ (कॅमेऱ्यातले मूळ, प्रक्रिया न केलेले) फोटो एडिट करायचे असतील तर आधी स्क्रीन बघा राव. स्पेसिफिकेशनमधे ४५% एनटीएससी (स्क्रीन किती रंग दाखवते त्याचं एक माप) लिहिलं असेल तर तो पॅनल एसआरजीबीचे (वेब-मोबाईलवर सर्रास वापरला जाणारा रंगांचा संच) साधारण ६०-६५% रंगच दाखवतो, म्हणजे तुम्ही लाल-केशरी वाढवत बसणार आणि मोबाईलवर बघितलं की नवरीचा शालू भडक! १००% एसआरजीबी लिहिलेलाच घ्या.

दुसरं म्हणजे ब्राइटनेस. मी सुरवातीला फुल ठेवून एडिट करायचो आणि प्रिंट काळपट आली की लॅबवाल्याशी भांडायचो, चूक माझीच होती. स्क्रीन ३०० निट्सला (निट म्हणजे ब्राइटनेसचं एकक) असेल तर फोटो उजळ दिसतो म्हणून आपण एक्स्पोजर कमी करतो, प्रिंटसाठी १०० च्या आसपास बरं पडतं. कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग-उजेड मोजून जुळवणारं यंत्र) नसेल तर स्क्रीनवरचा पांढरा आणि शेजारी खोलीतल्या उजेडात धरलेला पांढरा कागद सारखे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा, अंदाजपंचे आहे पण काम भागतं. आणि हो, नाइट लाइट (रात्री स्क्रीन पिवळसर करणारी सेटिंग) बंद करा आधी, नाहीतर सगळे फोटो निळसर करून ठेवाल.

रॅम १६ जीबी, जमलं तर ३२. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरचा कॅटलॉग (फोटो आणि एडिटच्या नोंदींची फाइल) एसएसडीवर, जुने फोटो साध्या हार्डडिस्कवर चालतात.