रॅम ओव्हरक्लॉक करताना या चुका टाळा

रॅमचा वेग ठरलेल्यापेक्षा वाढवला (ओव्हरक्लॉक केला) की संगणक झपाट्याने चालू लागतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. उत्पादकाने तपासून दिलेली प्रोफाइल, म्हणजे वेगाची तयार सेटिंग, चालू करणे बहुतेक वेळा फायद्याचे ठरते. त्यापुढे स्वतःच्या हाताने आकडे ताणत बसणे मात्र बहुतेकांच्या बाबतीत खटाटोपच ठरतो.

पहिली चूक म्हणजे ही प्रोफाइल चालूच न करणे. खोक्यावर ६००० हा वेग लिहिलेली डीडीआर५ (डीडीआर४ नंतरच्या पिढीची) रॅम बसवली, तरी मदरबोर्ड ती सुरुवातीला ४८०० किंवा ५६०० अशा प्रमाणित वेगानेच चालवतो. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, जाऊन इंटेलसाठी एक्सएमपी किंवा एएमडीसाठी एक्स्पो ही प्रोफाइल निवडावी लागते. पुण्यात सुटे भाग घेऊन दुकानदाराकडूनच संगणक जोडून घेण्याची पद्धत आहे. अशा वेळी पैसे चुकते करण्याआधी टास्क मॅनेजरच्या मेमरी विभागात वेग पाहून घ्यावा. सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये तोच आकडा ३००० दिसला तर दुकानदाराशी वाद घालू नये, कारण तेथे घड्याळाचा मूळ वेग दिसतो आणि एका ठोक्यात डेटा दोनदा जातो. मात्र इंटेलच्या एच६१० चिपसेटच्या (मदरबोर्डवरील नियंत्रक चिपच्या) मदरबोर्डवर मेमरी ओव्हरक्लॉकिंगची सोयच नसते. तेथे ३६०० ची डीडीआर४ रॅम ३२०० च्या पुढे जात नाही आणि वरचे पैसे वाया जातात.

दुसरी चूक अधिक महागात पडते. १६ जीबीची एकच स्टिक (रॅमची पट्टी) घेऊन तिचा वेग वाढवण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घेतलेल्या बऱ्या. डीडीआर४-३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी डेटा वाहू शकते, तर दोन मिळून ५१.२, एवढा फरक कोणत्याही ओव्हरक्लॉकने पडत नाही. चार स्लॉट असल्यास प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा वापरावा. चारही भरले तर वेग उलट कमी करावा लागण्याचा संभव असतो: रायझेन ७००० प्रोसेसरच्या मालिकेत चार डीडीआर५ स्टिकसाठी एएमडीची अधिकृत मर्यादा ३६०० एवढीच आहे.

नुसत्या वेगाच्या आकड्यालाही भुलू नये. डेटा मागितल्यावर रॅम किती ठोके थांबते, हे सीएलच्या आकड्यावरून कळते; ३२०० ची सीएल१६ आणि ३६०० ची सीएल१८ या दोन्ही रॅमचा हा विलंब १० नॅनोसेकंदच भरतो. रायझेन ५००० वर ३६०० ओलांडून ४००० गाठण्याच्या हट्टात मेमरी कंट्रोलर (प्रोसेसरमधील रॅम हाताळणारा भाग) निम्म्या वेगावर उतरला, तर गेम पूर्वीपेक्षा अडखळू शकतात.

प्रत्यक्ष उपयोग कोठे होतो, हे कामावर ठरते. प्रोसेसरमधील अंगभूत ग्राफिक्स हीच रॅम वापरतात, त्यामुळे तेथे फरक डोळ्यांना जाणवतो. झिप फायली उघडताना, किंवा दमदार ग्राफिक्स कार्डावर १०८०पी गेम खेळतानाही तो दिसतो. ४के मध्ये सारा भार कार्डावर असतो. टॅली, एक्सेल आणि ब्राउझर यांना फारसा फरक पडत नाही. तेथे ८ जीबी अपुरी पडत असेल, तर १६ जीबी करावी.

सर्वांत घातक चूक ही की, विंडोज सुरू झाले म्हणजे सेटिंग स्थिर आहे असे मानणे. रॅममधील चूक बहुधा मुकाट्याने होते: झिप फाइल उघडताना सीआरसीची, म्हणजे डेटा बिघडल्याची, तक्रार येते, गेम आपोआप बंद पडतो, आणि महिन्याभरानंतर एखाद्या फोटोचा अर्धा भाग करडा दिसतो. डीडीआर५ चिपमधील अंतर्गत दुरुस्ती चिपपुरतीच असते. चिप ते प्रोसेसर या वाटेवर झालेली चूक तिला दिसत नाही. म्हणून पेनड्राइव्हवरून रॅम तपासणारे मेमटेस्ट८६ रात्रभर चालवावे आणि एक जरी चूक निघाली तरी ते सेटिंग सोडून द्यावे. जानेवारीच्या थंडीत पास झालेले सेटिंग एप्रिल-मे मध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकल्यावर, विशेषतः गच्चीखालच्या तापलेल्या खोलीत, नापास होऊ शकते. तेव्हा चाचणी उन्हाळ्यात पुन्हा घ्यावी.

व्होल्टेज वाढवण्याआधी बायोस अद्ययावत करावे. २०२३ मध्ये काही रायझेन ७०००एक्स३डी प्रोसेसर जळाल्यानंतर एएमडीने एसओसी (प्रोसेसरमधील मेमरी कंट्रोलरच्या भागाच्या) व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा घातली. जुन्या बायोसमध्ये ती नसते.

सेटिंग बदलल्यावर पडदा काळाच राहिला, तर लगेच बटण दाबू नये. डीडीआर५ पहिल्या वेळी काही मिनिटे मेमरी ट्रेनिंग, म्हणजे मदरबोर्डशी वेग जुळवून घेण्याची चाचणी, करते आणि मध्येच बंद केल्यास ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. बराच वेळ थांबूनही काही दिसले नाही, तर वीजजोडणी काढून मदरबोर्डवरील सीआर२०३२ सेल पाच-दहा मिनिटे बाहेर ठेवावा, म्हणजे बायोस मूळ स्थितीत येते. त्यानंतर प्रोफाइल पुन्हा निवडून केवळ वेग एक पायरी खाली, म्हणजे ६००० ऐवजी ५६०० ठेवावा आणि मेमटेस्ट पुन्हा लावावे.