फिडलच्या (लोकसंगीतातल्या व्हायोलिनच्या) जुन्या धुनेचं मूळ शोधताना

नावावर विसंबू नका. स्कॉटलंडची ‘मिस मॅक्लाउड्स रील’ (रील म्हणजे जलद नाचाची धून) अमेरिकेत ‘हॉप हाय लेडीज’ नावानेही वाजते. नावाने शोधाल तर दोन वेगळ्या धुना वाटतील. आधी दोन्ही धुनांच्या पहिल्या दोन बारमधले (बार म्हणजे तालाचा एक छोटा खंड) ठोक्यावरचे स्वर लिहून काढा. मधले भरीचे स्वर सोडा, ते वादकागणिक बदलतात. मग दोन्हींची पट्टी एकच करून छापील संग्रहांशी ताडा. आयरिश चालींसाठी फ्रान्सिस ओ’नील यांचा शिकागोत १९०३ मध्ये निघालेला, १८५० चालींचा संग्रह आधी उघडा. पण छपाईचं साल म्हणजे धुनेचं जन्मसाल नव्हे! ही चूक फार जण करतात. कागदावर येण्याआधी धून बरीच वर्षं कानोकानी फिरलेली असू शकते. ४/४ तालातली रील कुणी ६/८ तालातल्या जिगमध्ये (हीही नाचाचीच धून) वळवली असेल, तर ठोक्यावरचे स्वरच ओळख पटवतात.