ऊर्जा योजनेचं मूल्यमापन करताय? या चुका टाळा

योजनेच्या अहवालात पहिला आकडा बहुतेक वेळा मेगावॅटचा असतो आणि पहिली चूक तिथेच होते. मेगावॅट म्हणजे उभारलेली क्षमता. वीज किती झाली ते युनिटमध्ये कळतं.

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीचं पठार पाहिलं असेल, तर पवनचक्क्यांची रांग आठवेल. देशभर अशा चक्क्या उभ्या राहिल्या त्यामागे आयकरातल्या घसाऱ्याचा, म्हणजे यंत्राची झीज खर्च म्हणून दाखवून कर वाचवण्याच्या सवलतीचा, हात मोठा. किमतीच्या ८० टक्के घसारा एका वर्षात दाखवता यायचा. मात्र यंत्र त्या आर्थिक वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर निम्माच. म्हणून सप्टेंबरअखेर चक्की सुरू करायची घाई. वाऱ्याचा हंगाम तेव्हा सरत आलेला, पण करबचतीचा ऐन भरात! सवलत चक्की उभारण्यावर होती, ती किती फिरते याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. २००९ मध्ये केंद्राने युनिटमागे ५० पैसे देणारा दुसरा पर्याय आणला. तुलना करायची तर घसारा घेणाऱ्या आणि युनिटमागे पैसे घेणाऱ्या चक्क्यांनी प्रत्येक मेगावॅटमागे किती युनिट दिले याची करा.

दुसरी चूक एकाच वर्षावरून निकाल देण्याची. मार्च २०१२ नंतर या दोन्ही सवलती थांबल्या. २०११-१२ मध्ये देशात सुमारे ३,२०० मेगावॅट पवनऊर्जेची भर पडली होती, पुढच्या वर्षी जेमतेम १,७००. ‘अनुदानाशिवाय हे तंत्रज्ञान चालत नाही’ असं लगेच लिहू नका. मुदत संपतेय म्हटल्यावर अनेकांनी पुढची खरेदी आधीच उरकलेली असते आणि काही जण सवलत परत येईल म्हणून थांबतात. ती परत आलीही, २०१३-१४ च्या सुमारास. त्यामुळे सलग तीन-चार वर्षं एकत्र धरा.

सगळं श्रेय अनुदानाला देऊ नका. सौर पॅनल जगभर स्वस्त झाले ते मुख्यतः चीनमधल्या प्रचंड उत्पादनामुळे. ‘पीएम सूर्य घर’ या घराच्या छतावरच्या सौर पॅनलसाठीच्या केंद्राच्या योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. पण महिन्याला ५०० युनिट जाळणाऱ्या घराने ते नसतानाही पॅनल बसवले असतेच ना? लाभार्थींची यादी वीजवापराच्या स्लॅबनुसार लावून बघा.

सौर कृषी पंपांच्या अहवालात तर ‘बसवलेले पंप’ एवढाच रकाना पुरेसा मानतात. डिझेल किती वाचलं आणि उपसा वाढून विहिरींची पातळी किती खाली गेली, हे दोन रकाने मागून घ्या.