शुक्रवारची वीस मिनिटं
सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये मी चौदा वर्षं काढली, त्यातली शेवटची सहा टीम लीड म्हणून. पहिली आठ वर्षं माझी ठाम समजूत होती की काम चोख केलं की ते वरच्यांना आपोआप कळतं. तसं होत नाही. जी अडचण तुम्ही येऊच दिली नाही, ती कुणाला कशी दिसणार?

‘पर्सनल ब्रँडिंग’, म्हणजे कामातून स्वतःची ओळख घडवणं, हा शब्द १९९७ साली ‘फास्ट कंपनी’ मासिकात आलेल्या एका लेखापासून रुळला. त्यातला ‘ब्रँड’ मला खटकतो, कारण तो वेष्टनावर छापलेला असतो. मी साधं ‘ओळख’ म्हणते. माझ्या अनुभवात ती कशी उभी राहते ते सांगते.

आधी आज आपली ओळख काय आहे ते शोधा. १९५५ मध्ये जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम या मानसशास्त्रज्ञांनी ‘जोहारी खिडकी’ मांडली. नाव त्यांच्याच नावांवरून, जो आणि हॅरी. तिच्या चार खणांपैकी एक असा की जे लोकांना दिसतं पण आपल्याला नाही. त्यात डोकावायचं तर विचारावंच लागतं. एक वरिष्ठ, एक बरोबरीचा आणि एक हाताखालचा, अशा तिघांना दोन प्रश्न विचारा: कुठल्या कामासाठी तुम्ही माझ्याकडे येता? आणि कुठल्या कामासाठी यायचं टाळता? खरं सोनं दुसऱ्या उत्तरात असतं. मला तिघांपैकी दोघांनी सांगितलं, “घाईचं काम असलं की तुझ्याकडे येत नाही. तू आधी वीस प्रश्न विचारतेस.” फार लागलं ते. पण त्या दिवसापासून मी आधी तीनच प्रश्न विचारते, बाकीचे काम सुरू झाल्यावर.

मग शुक्रवारची वीस मिनिटं. एक फाइल उघडायची आणि आठवड्यातल्या एकेका कामाबद्दल लिहायचं: काय अडलं होतं, मी काय केलं, त्याने काय बदललं. ‘रिलीजचं टेस्टिंग पूर्ण केलं’ असं लिहिलंत तर सहा महिन्यांनी तुम्हालाही त्यातून काही आठवणार नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘परताव्याच्या स्क्रीनवर बटण दोनदा दाबलं तर पैसे दोनदा जात होते. रिलीजच्या दोन दिवस आधी सापडलं. दुरुस्तीनंतर पुन्हा तपासलं; ही तपासणी आता प्रत्येक बिल्डला (सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीला) आपोआप होते.’ यातल्या चार-पाच ओळी मॅनेजरला पाठवा, जास्त नको. वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी आठवणीवर विसंबावं लागत नाही, फाइल समोर असते.

आता नेतृत्वाचं. हे मी चुकून शिकले. वर सांगितलेली ती दोनदा परताव्याची चूक माझ्या टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीने शोधली होती, स्वतः स्क्रिप्ट, म्हणजे तपासणीचा छोटा प्रोग्रॅम, लिहून. डेमोमध्ये मी म्हणाले, “आमच्या टीमने वेळेत पकडलं.” ती त्याच कॉलवर होती. तिने मान खाली घातली आणि कॅमेरा बंद केला. पुढे कितीतरी महिने ती कुठलंही काम आपणहून मागायला आली नाही. मी खोटं काही बोलले नव्हते, तरी तिचं श्रेय माझ्या तोंडून हरवलं होतं.

तेव्हापासून मी नाव आणि क्रियापद जोडूनच बोलते: अमुकने स्क्रिप्ट लिहिली, तमुकने चूक शोधली. ‘टीमने’ म्हटलं की कुणाचंच नाव होत नाही. प्रश्न आला तर उत्तर त्याच माणसाला देऊ द्यायचं, आपण मध्ये पडायचं नाही. मात्र आधी त्याला विचारा. काहींना चारचौघांत नाव घेतलेलं नको असतं. आणि चूक झाली असेल तर तिथे ‘मी’ म्हणायचं. माझ्या नजरेखालून गेलेलं काम माझंच. लीडची ओळख या दोन जागांवरच ठरते असं मला वाटतं.

घरून काम करत असाल तर आणखी एक. कुणी खासगी मेसेजमध्ये प्रश्न विचारला तर त्याची परवानगी घेऊन उत्तर सगळ्यांच्या चॅनलवर द्या. दहा जणांचं काम होतं आणि तुम्हाला काय येतं तेही दिसतं.

लिंक्डइनचं थोडक्यात: नावाखालच्या ओळीत पदापेक्षा तुम्ही कुठला प्रश्न सोडवता ते लिहा, आणि ग्राहकाची माहिती तिथे कधीही टाकू नका.

येत्या शुक्रवारी फाइल उघडा. पहिल्यांदा दोनच नोंदी सुचल्या तर दोनच लिहा. माझ्याही दोनच होत्या. त्यातली एक त्या मुलीच्या कामाची होती, आणि ती मी तिच्या नावाने मॅनेजरला पाठवली.